टेबलावरचा आरपीजी आणि सर्व्हरवरचा आरपीजी: पुढे काय होईल हे कोण ठरवतो?

रापणकार (मालवण):

आरपीजी (रोल-प्लेइंग गेम), म्हणजे एखादे पात्र होऊन खेळायचा खेळ, म्हटले की आपल्या किनाऱ्यावरच्या बहुतेक तरुणांच्या डोळ्यांपुढे मोबाइलचा किंवा संगणकाचा पडदा येतो. या खेळांची सुरुवात कागद, पेन्सिल आणि फाशांनी झाली, हे ठाऊक असणारे थोडे आहेत. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली अमेरिकेत छापला गेला. त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी, १९७८ मध्ये, इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ यांनी 'मड' हा अनेकांनी एकाच वेळी खेळायचा संगणकीय खेळ लिहायला घेतला आणि रिचर्ड बार्टल यांनी तो पुढे वाढवला. आजचे बहुतेक ऑनलाइन आरपीजी त्याच वंशातले. म्हणजे दोन्ही प्रकार जवळजवळ एकाच वयाचे आहेत, दोन्हीकडे पात्र, लेव्हल, लूट आणि राक्षस आहेत, तरीही दोन्ही मनापासून खेळलेल्या माणसाला ते एकसारखे वाटत नाहीत.

लोक हा फरक कागद आणि पडदा यांत शोधतात. मला तो एका प्रश्नात दिसतो: खेळाडूने काही वेगळेच करायचे म्हटले, तर त्याला उत्तर कोण देतो?

आमच्या गटाने सिंधुदुर्ग किल्ल्यावर बेतलेला एक काल्पनिक जलदुर्ग खेळायला घेतला होता. आत एक तांडेल कैदेत होता आणि त्याला सोडवायचे होते. डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, पहारेकऱ्याला लाच देणे किंवा तटावर चढणे अशा दोन वाटा तयार ठेवल्या होत्या. एका खेळाडूने अचानक विचारले, "आज तिथी कोणती?" डीएमने थोडा विचार करून अमावास्या सांगितली. अमावास्येला उधाणाची भरती येते आणि ओहोटीही तितकीच खोल जाते, तेव्हा तटाच्या पायथ्याची एखादी मोरी उघडी पडेल, असे त्या खेळाडूचे म्हणणे होते. डीएमच्या टिपणांत मोरी नव्हती. पण म्हणणे पटण्यासारखे होते, म्हणून त्याने मोरी मान्य केली आणि आत शिरण्यासाठी वीस बाजूंच्या फाशावर पंधरा किंवा अधिक पडले पाहिजेत असे ठरवले. साध्या फाशाने ही शक्यता ३० टक्के होते. पात्र जन्मापासून समुद्रावर वाढलेले असल्यामुळे दोन फासे टाकून मोठा आकडा धरण्याची सवलत मिळाली आणि शक्यता ५१ टक्क्यांवर गेली. पुढची सगळी रात्र त्या मोरीतून निघाली.

ऑनलाइन खेळात ती मोरी कोणी आधी रचून ठेवलेली नसेल, तर ती कधीच उघडणार नाही. शिवाय तिथे एकाच जगात हजारो लोक वावरत असतात, त्यामुळे मी मारलेला राक्षस काही मिनिटांनी दुसऱ्यासाठी पुन्हा उभा राहावाच लागतो आणि मी सोडवलेला कैदी पुढच्या खेळाडूसाठी पुन्हा कैदेत जातो.

टेबलावरच्या खेळाला सगळ्यांत जवळची गोष्ट मला आपल्या दशावतारात सापडते. दशावताराला लिखित संहिता नसते. प्रयोगाआधी मंडळातला जाणता माणूस आख्यानाचा सांगाडा सांगतो, कोणी कोणते सोंग घ्यायचे ते ठरते, आणि नंतर रंगमंचावर प्रत्येक नट समोरच्याचे बोलणे ऐकून त्याला जागच्या जागी उत्तर देतो. ज्या जिल्ह्यात ही कला देवळादेवळांच्या जत्रांत जिवंत आहे, त्या जिल्ह्यात टेबलटॉप खेळ रुजायला अडचण येऊ नये, असे मला मनापासून वाटते. ज्यांनी दोन्ही प्रकार खेळले आहेत, त्यांनी आपला अनुभव सविस्तर लिहावा.

सुरंगी (वेंगुर्ले):

धागा आवडला. मात्र टेबलापर्यंत पोहोचणे सगळ्यांना सारखेच सोपे असते, असे यात गृहीत धरले आहे. टेबलटॉपचा एक डाव तीन-चार तास चालतो, तो बहुधा रात्री असतो आणि कोणाच्या तरी घरी असतो. महाविद्यालयात असताना मला अशा गटात बोलावले गेले असते, तरी "एवढ्या रात्री कुठे आणि कोणाबरोबर?" हा प्रश्न घरातून आलाच असता. ऑनलाइन खेळात मी माझ्याच खोलीत बसून प्रवेश केला. समोरच्यांना माझे गाव, वय, आडनाव काहीच माहीत नव्हते. मी माझे काम किती नीट करते एवढेच त्यांना दिसत होते. ज्या मुलीला गावात सगळे कोणाची तरी मुलगी किंवा बहीण म्हणूनच ओळखतात, तिच्यासाठी ही गोष्ट फार मोठी आहे.

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या ऑनलाइन आरपीजीची जुन्या धर्तीची 'क्लासिक' आवृत्ती २०१९ मध्ये आली, तेव्हा आमच्या गिल्डच्या, म्हणजे खेळाडूंच्या संघाच्या, चाळीस जणांनी मिळून करायच्या रेडची, म्हणजे मोठ्या चढाईची, व्यवस्था काही काळ माझ्याकडे होती. चाळीस माणसांना ठरलेल्या वेळी एकत्र आणायचे, त्यांत टँक (शत्रूचे घाव झेलणारे), हीलर (जखमा भरणारे) आणि मारा करणारे यांचे प्रमाण सांभाळायचे, आणि बॉस, म्हणजे शेवटचा बलाढ्य शत्रू, पडल्यावर मिळालेल्या मोजक्या वस्तू चाळिसांत अशा वाटायच्या की पुढच्या आठवड्यातही सगळे परत येतील. हे शेवटचे काम सर्वांत कठीण असते. आम्ही गुणांची पद्धत वापरत होतो: हजेरीचे गुण साठत जातात आणि वस्तू हवी असेल त्याने साठवलेल्या गुणांतून बोली लावायची. ही पद्धत 'एव्हरक्वेस्ट' या त्याआधीच्या ऑनलाइन आरपीजीच्या खेळाडूंनी स्वतःच शोधून काढली. खेळ बनवणाऱ्यांनी ती दिलेली नव्हती. पाच जणांच्या टेबलावर माणसांची एवढी मोठी मोट बांधायची वेळच येत नाही. मला पुढे बचत गटाचे हिशेब सांभाळताना भांडण कुठून सुरू होते हे आधीच ओळखता यायचे, ते याच अनुभवामुळे.

आणखी एक. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्यावरून गेले आणि आमच्याकडे कित्येक दिवस वीज नव्हती. वीज आल्यावर मी खेळ उघडला, तेव्हा ज्यांचे चेहरे मी कधी पाहिले नाहीत अशा माणसांचे निरोप साठून राहिले होते. ते "कधी येणार?" असे विचारत नव्हते, "सुखरूप आहेस ना?" असे विचारत होते. ऑनलाइन खेळातली माणसे खोटी असतात, असे कोणी म्हणाले की मला ते निरोप आठवतात.

शहाळं (रत्नागिरी):

रचून ठेवलेले नसेल ते ऑनलाइन घडतच नाही, हे मला मान्य नाही. सप्टेंबर २००५ मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये हक्कार नावाच्या बॉसचा एक संसर्गजन्य शाप आला. तो फक्त त्या लढाईच्या जागेपुरता राहील अशी निर्मात्यांची कल्पना होती. पण खेळाडूंच्या पाळीव प्राण्यांना तो लागला, त्यांच्याबरोबर तो शहरांत पोहोचला, आणि ज्यांना स्वतःला काही होत नव्हते अशा संगणकाच्या पात्रांकडून तो पसरत राहिला. कमी लेव्हलचे खेळाडू क्षणात मरत होते. काही जण लोकांना बरे करायला धावले, काही शहर सोडून रानात गेले आणि काही मुद्दाम गर्दीत जाऊन रोग वाटत सुटले. शेवटी सर्व्हर पूर्ववत करावे लागले. पुढे साथरोगांच्या अभ्यासकांनी या घटनेवर शोधनिबंध लिहिले, कारण साथीत माणसे कशी वागतात हे त्यांना तिथे पाहायला मिळाले.

दुसरे उदाहरण 'ईव्ह ऑनलाइन' या अंतराळातल्या ऑनलाइन खेळाचे. जानेवारी २०१४ मध्ये एका युतीकडून आपल्या ताब्यातल्या सूर्यमालेचा हप्ता भरायचा राहिला, तिच्यावरचा हक्क गेला आणि तिथे जी लढाई पेटली ती सुमारे २१ तास चालली. साडेसात हजारांहून अधिक खेळाडू तिच्यात सामील झाले आणि टायटन या सर्वांत मोठ्या वर्गाची ७५ जहाजे नष्ट झाली. त्या जगातला व्यापार इतका गुंतागुंतीचा आहे की कंपनीने २००७ मध्ये त्यासाठी खास अर्थशास्त्रज्ञ नेमला होता. हे कोणत्याही डीएमने लिहिलेले नाही, आणि कोणत्याही टेबलावर हे घडू शकणार नाही.

रापणकार (मालवण):

शहाळं, ही दोन्ही उदाहरणे फार मोलाची आहेत आणि त्यांमुळे चर्चा पुढे सरकते. न लिहिलेले काहीतरी दोन्हीकडे घडते, पण ते येते कुठून हे पाहावे. हक्कारचा शाप आणि तो चुकलेला हप्ता यांतून जे उभे राहिले ते गर्दीतून उभे राहिले: प्रत्येकाने आपापल्या परीने, ठरलेल्या नियमांतच पाऊल टाकले आणि हजारो पावलांची बेरीज कोणालाही अपेक्षित नव्हती अशी निघाली. त्यात एकट्या खेळाडूने "मला हे करून पाहायचे आहे" असे म्हटल्यावर त्याचे म्हणणे ऐकून घेणारे कोणी नव्हते. टेबलावर ऐकणारा माणूस असतो. म्हणून टेबलावरचे आश्चर्य एका प्रश्नातून निघते आणि सर्व्हरवरचे संख्येतून. एकाने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही.

सुरंगीताई, तुमचा मुद्दा मी माझ्या गटापुढे ठेवणार आहे. दुपारचा डाव, सार्वजनिक जागा आणि मुलींनी मुलींसाठी चालवलेला गट, या तिन्ही गोष्टी अशक्य नाहीत. पण त्या आपोआप होणार नाहीत, त्या कोणीतरी ठरवून कराव्या लागतील.

डोलकाठी (दापोली, सध्या समुद्रावर):

मी मर्चंट नेव्हीत आहे. आपल्या भागातली पुष्कळ मुले जहाजांवर आहेत, म्हणून हा अनुभव त्यांच्या कामी येईल.

ऑनलाइन खेळाची पहिली अट आहे ती जोडणीची. काचतंतूतून प्रकाश एका मिलिसेकंदात साधारण दोनशे किलोमीटर जातो. त्यामुळे सर्व्हर चार हजार किलोमीटरवर असेल, तर केबल सरळ रेषेत टाकली आहे असे मानले तरी जाऊन-येऊन किमान ४० मिलिसेकंद लागणारच, आणि प्रत्यक्षात त्याहून जास्त लागतात. ही मर्यादा पैसे देऊन टाळता येत नाही. पृथ्वीपासून सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहातून जोडणी असेल, तर एका फेरीला अर्ध्या सेकंदाच्या आसपास जातो, आणि बॉसच्या हल्ल्यातून बाजूला सरकायचे ते तेवढ्यात राहून जाते. आता खालच्या कक्षेतले उपग्रह आले आहेत, पण सगळ्या जहाजांवर ती सोय नाही आणि असली तरी ती वाटून वापरावी लागते.

टेबलटॉपला मेसमधले टेबल पुरते. अडचण असते ती वॉचची. चार तास काम आणि आठ तास सुटी या क्रमात तीन पाळ्या असतात, त्यामुळे सगळे एका वेळी मोकळे नसतात. आम्ही वहीवर खेळतो. प्रत्येक जण आपले पात्र काय करते ते लिहून ठेवतो, डीएम आपल्या पाळीनंतर निकाल लिहितो, आणि बंदरात सगळे एकत्र आले की मोठी लढाई टेबलावर होते. टपालाने खेळण्याची परंपरा या छंदात जुनी आहे. आमची वही त्याच जातीची. फासे मात्र काठ असलेल्या ताटातच टाकावेत, नाहीतर हेलकाव्यात ते शोधत बसावे लागते.

आमच्या वहीत पाच देशांच्या माणसांची अक्षरे आहेत. ऑनलाइन खेळात अनोळखी लोक भेटतात हे खरे आहे, पण ज्या माणसाबरोबर सहा महिने एकाच पत्र्यावर राहायचे आहे, त्याचा स्वभाव मला सर्वांत लवकर या खेळात कळला. जो कामावर एक शब्द बोलत नाही, तो पात्राच्या तोंडून बोलतो.

पेटीवाला (कुडाळ):

मी दशावतारात पेटीवर साथ करतो, म्हणून फक्त त्या तुलनेविषयी लिहितो.

नट जागच्या जागी संवाद रचतात हे बरोबर आहे. पण आख्यानाचा शेवट सगळ्यांना ठाऊक असतो. दैत्य मरणार आणि देव जिंकणार हे प्रेक्षकालाही माहीत असते. तिथपर्यंत कसे पोहोचायचे यातच नटाचे कौशल्य आहे. तुमच्या खेळात फासा आहे, म्हणजे नायक मरूही शकतो. दुसरे असे की आम्ही समोर बसलेल्यांसाठी खेळतो. रात्र चढल्यावर प्रेक्षक पेंगायला लागला की नट युद्ध आधी आणतो, मी लय वाढवतो. तुमच्या टेबलावर ऐकणारे आणि करणारे तेच असतात. या दृष्टीने पाहिले तर आमचा प्रयोग तुमच्या दोन्ही खेळांहून वेगळा आहे.

साम्य मला दुसरीकडे दिसते. नव्या मुलाला आम्ही पहिल्यांदा संवाद शिकवत नाही, समोरच्याचे वाक्य पूर्ण ऐकायला शिकवतो. जो आपलेच वाक्य मनात घोळवत उभा राहतो, त्याचा प्रवेश पडतो. तुमच्या खेळातही असेच होत असेल, असे वाटते.

वाचनमग्न (गुहागर):

पेटीवाला यांचे शेवटचे वाक्य वाचून थांबले, कारण आमच्या वाचनालयात मुलांबरोबर खेळताना हेच दिसते. पहिल्या डावात प्रत्येक मूल आपली पाळी येण्याची वाट पाहत असते. तिसऱ्या-चौथ्या डावापर्यंत ते दुसऱ्याच्या पाळीत त्याला वाटा सुचवू लागते.

कोण काय शोधायला येतो हे लक्षात घेतले, तर दोन खेळांची तुलना अधिक न्याय्य होईल. वर ज्यांचा उल्लेख आला त्या रिचर्ड बार्टल यांनी १९९६ मध्ये खेळाडूंचे चार प्रकार मांडले आणि त्यांना पत्त्यांच्या रंगांची नावे दिली. लेव्हल आणि संपत्ती मिळवण्यात रमणारे ते चौकट, जगाचा कानाकोपरा धुंडाळणारे ते इस्पिक, माणसांत रमणारे ते बदाम, आणि दुसऱ्या खेळाडूंवर कुरघोडी करणारे ते किलवर. ही मांडणी ऑनलाइन खेळाडूंच्या चर्चेतून निघाली होती, टेबलासाठी ती केलेली नव्हती; पण आमच्या मुलांकडे पाहताना ती उपयोगी पडते. चौकटवाल्या मुलाला टेबलावर कंटाळा येतो, कारण तिथे प्रगती हळू होते आणि ती मोजून दाखवायला कोणी बाहेरचे नसते. त्याला सर्व्हरच भावतो, आणि त्यात वावगे काही नाही. इस्पिकवाल्या मुलाला मात्र टेबल एकदा सापडले की तो परत जात नाही, कारण तिथे जगाला कडा नाही. किलवरवाल्यांसाठी टेबल ही अवघड जागा आहे. सहा जणांच्या गटात एकाने सतत दुसऱ्यांचे बिघडवले, तर डाव मोडतो. ऑनलाइन जगात त्यांच्यासाठी वेगळी रणांगणे आखलेली असतात.

भाषेचा मुद्दा या धाग्यात यायला हवा होता. मोठ्या ऑनलाइन आरपीजींचे क्वेस्ट, म्हणजे खेळाडूला दिलेल्या कामगिऱ्या, इंग्रजीत किंवा दुसऱ्या परदेशी भाषांत असतात, आणि आमची मुले ते न वाचता बाणाच्या खुणेमागे धावतात. कथा त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. टेबलावर खेळ चालवणारी व्यक्ती मराठी बोलत असेल, तर खेळ त्या क्षणापासून मराठी असतो. आमच्याकडे एका मुलीने आपल्या पात्राला देवचाराशी, म्हणजे आपल्याकडे गावाचा राखणदार मानल्या जाणाऱ्या आत्म्याशी, बोलायला लावले. त्याच्याशी कसे बोलायचे, त्याला काय द्यायचे आणि काय कबूल करायचे नाही, हे तिने आजीकडून ऐकलेले होते आणि ती ते पूर्ण गांभीर्याने बोलली. कोणत्याही परदेशी कंपनीला हा देवचार रचता आला नसता.

शहाळं (रत्नागिरी):

वाचनमग्न यांचा भाषेचा मुद्दा पूर्ण मान्य आहे. आता टिकाऊपणाविषयी लिहितो, कारण ऑनलाइन खेळाची बाजू घेणाऱ्यालाही तिथे त्रास होतो. 'सिटी ऑफ हीरोज' ३० नोव्हेंबर २०१२ रोजी बंद झाला आणि लोकांनी वर्षानुवर्षे घडवलेली पात्रे एका रात्रीत गेली. पुढे चाहत्यांनी तो खेळ स्वतः चालवायला घेतला आणि २०२४ मध्ये त्यांच्या एका गटाला अधिकृत परवाना मिळाला, पण असे भाग्य फार थोड्या खेळांना लाभते. उलट उदाहरणही आहे: 'फायनल फँटसी चौदा' २०१० मध्ये आला तेव्हा इतका फसला की कंपनीने तो बंद करून, कथेतच जगाचा नाश दाखवून, २०१३ मध्ये नव्याने उभा केला. सर्व्हर ज्याचा, शेवटचा शब्द त्याचा. टेबलावरच्या खेळाची नवी आवृत्ती आली तरी जुने पुस्तक तुमच्या कपाटातून कोणी काढून नेत नाही.

आंबाघाट (देवगड):

मी या धाग्यावर नवीन आहे. आम्ही चार मित्र आहोत. त्यांतला एक मुंबईला नोकरी करतो आणि गणपतीला व शिमग्याला गावी येतो. आतापर्यंत आम्ही फक्त ऑनलाइन खेळलो आहोत. या चर्चेमुळे टेबलटॉप सुरू करावेसे वाटते. पुस्तके महाग आहेत आणि आमच्यापैकी कोणीही कधी खेळ चालवलेला नाही. सुरुवात कशी करावी, आणि मुंबईच्या मित्राचे काय करावे?

रापणकार (मालवण):

पुस्तके लगेच घ्यायची गरज नाही. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले झाले आहेत. ते फुकट उतरवून घेता येतात आणि त्यांवर आधारित स्वतःची मराठी मांडणी करून वाटण्यासही परवानगी आहे, फक्त मूळ नियमांचा श्रेयनिर्देश करावा लागतो. सगळे नियम वाचायला बसू नका. पात्राचे सहा गुण (ताकद, चपळाई वगैरे), फासा टाकून पडलेल्या आकड्यात गुणाची भर घालणे, आणि डीएमने ठरवलेला आकडा गाठणे, एवढ्यावर पहिला डाव निभतो. पात्रे आधीच तयार करून ठेवा, नाहीतर पहिली संध्याकाळ हिशेबातच जाईल.

डीएम कोणी व्हावे हे ठरवताना सर्वांत चांगला बोलणारा निवडू नका. जो तुमच्यात सर्वांत शांतपणे ऐकतो, त्याला करा. एका बैठकीत संपणारी छोटी कथा घ्या आणि जागा तुमच्या ओळखीची असू द्या. विजयदुर्ग तुमच्याच तालुक्यात आहे. ओळखीच्या जागेत खेळाडू नकाशा न मागता प्रश्न विचारतात.

मुंबईच्या मित्रासाठी रोल२० सारखी संकेतस्थळे आहेत, जिथे नकाशा आणि फासे पडद्यावर असतात आणि बोलणे व्हिडिओ कॉलवर होते. तिथेही उत्तर देणारा माणूसच असतो, म्हणून मी त्याला टेबलच मानतो. मात्र इंटरनेट अडखळत असेल तर चित्र बंद करून फक्त आवाजावर खेळा. या खेळात चित्र नसले तरी चालते, समोरच्याचे बोलणे ऐकू आले पाहिजे. पहिला डाव मात्र तो गावी आला असताना, चौघे एका खोलीत बसून खेळा, म्हणजे नंतर फोनवर नुसत्या आवाजावरूनही कोण कधी थांबतो आणि कोणाला काही बोलायचे आहे, हे तुम्हाला ओळखता येईल. गणपतीत आरती आणि भजन झाल्यावर मोकळी रात्र मिळते. कथा तोपर्यंत तयार ठेवा. अडचण आली तर इथेच लिहा. सुरंगीताई आणि वाचनमग्न यांना हरकत नसेल, तर दिवाळीनंतर रत्नागिरी किंवा कणकवलीत, दिवसा आणि सार्वजनिक जागी, सगळ्यांसाठी एक डाव ठेवण्याचा विचार आहे. त्याचा वेगळा धागा काढतो.